होड्यांचं भाडं कोणी भरायचं? स्थानिक संस्थेकडे पूरमदत सोपवतानाचा एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या दोन्ही संस्था, नदी आणि जिल्हा ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय जसे घडले तसेच ठेवले आहेत. त्या काळात मी आंतरराष्ट्रीय संस्थेत भागीदार संस्थांचं काम बघत होतो. म्हणजे पुढे ज्या चुका येणार आहेत त्यांतल्या काही कागदांवर माझीच सही आहे, हे वाचताना लक्षात असू द्या. सोयीसाठी आमच्या संस्थेला ‘मोठी संस्था’ आणि तिथल्या संस्थेला ‘स्थानिक संस्था’ म्हणतो.

पार्श्वभूमी

मे २०१६मध्ये इस्तंबूलला जागतिक मानवतावादी शिखर परिषद भरली. तिथे मोठे देणगीदार देश, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था यांनी ‘ग्रँड बार्गेन’ हा समझोता स्वीकारला. त्यातलं एक वचन पुढे प्रत्येक भाषणात येत राहिलं : २०२०पर्यंत मानवतावादी निधीतला किमान २५ टक्के वाटा स्थानिक आणि राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थांकडे ‘शक्य तितक्या थेट’ पोचवायचा. या ‘शक्य तितक्या’मध्ये सगळी मेख होती. मध्ये एक मध्यस्थ असला तरी तो पैसा हिशेबात धरायचा, अशी मोजणी पुढे रूढ झाली. एवढी सवलत घेऊनही ते लक्ष्य काही गाठलं गेलं नाही. मध्ये कोणीच नसताना, खरोखर थेट मिळालेल्या पैशाचा वाटा २०२२मध्ये १.२ टक्के होता.

आमच्या संस्थेनंही हे वचन दिलं होतं. वार्षिक अहवालात त्यावर एक अख्खं पान असे. प्रत्यक्षात आमच्या भागीदार संस्था आम्ही ठरवलेलं काम, आम्ही ठरवलेल्या दरात, आम्ही दिलेल्या तक्त्यांनुसार करायच्या. पैसा त्यांच्या खात्यात जमा झाला, की आकडा आमच्या अहवालात चढायचा.

स्थानिक संस्था एका मोठ्या नदीच्या खालच्या अंगाला, बांधालगतच्या गावांत पंधराएक वर्षं काम करत होती. पगारी माणसं जेमतेम डझनभर. बचत गट, त्यांना दिलेलं छोटं कर्ज, आणि दर पावसाळ्याआधी गावोगावी होणारी एक बैठक : पाणी चढलं तर कोणती शाळा उघडायची, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, कोणाची होडी कुठे लागणार. होडीवाल्यांची एक वही होती. नाव, घाट, होडीत किती माणसं मावतात, रात्री जायला तयार आहे का. हिशेबाला एक अर्धवेळ लेखापाल. बँक खात्यावर एकच सही, संचालिकेची. खरेदीचं लिखित धोरण नाही.

पूर आला तेव्हा बांध तीन ठिकाणी फुटला. स्थानिक संस्थेनं स्वतःच्या गंगाजळीतून त्याच रात्री होड्या काढल्या. आमचं पाहणी पथक नवव्या दिवशी पोचलं, आणि पोचलं तेही त्याच वहीतल्या एका होडीतून.

घोडं कुठे अडलं

पैसा नव्हता असं नाही. देणगीदारानं आठवड्याभरात तत्त्वतः मंजुरी दिली होती, आणि स्थानिक संस्थेमार्फत काम करा असं त्याचं म्हणणंही होतं. अडलं ते पात्रता तपासणीवर.

आमचा तपासणीचा फॉर्म नव्वदच्या वर प्रश्नांचा होता. एक सही असल्याचे गुण वजा. खरेदी धोरण नसल्याचे गुण वजा. मागच्या तीन वर्षांचं ऑडिट होतं, पण आमच्या नमुन्यात नव्हतं. बेरीज होऊन संस्थेवर ‘उच्च जोखीम’ असा शिक्का बसला. नियमाप्रमाणे अशा संस्थेला फार लहान रक्कम देता येते आणि तीही मुख्यालयाच्या मंजुरीनंतर.

होड्यांच्या वहीला त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. पुराच्या रात्री कोणत्या घाटावर कोण भेटेल हे ठाऊक असणं ही क्षमता असते, असं त्या फॉर्मला माहीत नव्हतं. आणि जोखीम ‘उच्च’ म्हणजे कोणाला, हाही प्रश्न त्यात कुठे नव्हता. तो फॉर्म आमच्या पैशाला असलेली जोखीम मोजत होता. बांधावर बसलेल्या माणसाला उशिराची जी जोखीम होती ती त्यात धरलेली नव्हती, आणि आमच्यासारखा भागीदार पत्करल्यामुळे स्थानिक संस्थेवर येणारी जोखीम तर कोणाच्या डोक्यातही नव्हती. ती मला सहा महिन्यांनी कळली.

समोरचे पर्याय

देश कार्यालयात, म्हणजे आमच्या संस्थेच्या त्या देशातल्या मुख्य कार्यालयात, दोन दिवस यावर खल झाला.

एक म्हणजे आम्ही स्वतः उतरायचं. आपत्कालीन पथक बोलवायचं, गोदाम आणि गाड्या भाड्यानं घ्यायच्या, स्थानिक भाषा बोलणारी माणसं कंत्राटावर घ्यायची. कागदावर हा सगळ्यात जलद मार्ग होता आणि ऑडिटच्या दृष्टीनं सगळ्यात बिनधोक. पण गावयाद्या कोणाकडे नव्हत्या, आणि कंत्राटावर घ्यायची माणसं कुठून येणार, तर याच स्थानिक संस्थेतून आणि तिच्यासारख्या आणखी दोन-तीनांतून. म्हणजे मदत करायला जाऊन आधी तिलाच रिकामी करायची.

दुसरा मार्ग नेहमीचा होता. खरेदी आमची, वाटप त्यांचं. त्यांना वाटपाच्या खर्चापुरते पैसे, वरखर्चाला काही नाही. आमच्या बहुतेक भागीदाऱ्या अशाच चालत, आणि बैठकीतल्या बहुतेकांचा कल इकडेच होता.

स्थानिक संस्थेनं देशाच्या सामायिक मानवतावादी निधीकडे, म्हणजे अनेक देणगीदारांच्या एकत्र केलेल्या पैशाकडे, स्वतः अर्ज करावा, असंही एकानं सुचवलं. दिसायला हे सगळ्यात तत्त्वाचं. पण तिथेही नोंदणी, पात्रता, क्षमता तपासणी हे सगळं आलंच; पुराचं पाणी ओसरून पुढचा पावसाळा आला असता. पाणी शांत असताना करून ठेवायचं हे काम, पुरात करायचं नव्हे.

चौथा पर्याय मी मांडला : टप्प्याटप्प्यानं अनुदान. पहिला हप्ता लहान, पण आठवड्यात. काय करायचं हे स्थानिक संस्था ठरवणार. आम्ही एक लेखापाल सोबत देणार, आणि हिशेब बसत जातील तसा पुढचा हप्ता वाढणार. धोका लहान ठेवून विश्वास वाढवायचा, असा विचार.

यातलं एक मला अजून आठवतं. संपूर्ण रक्कम एकाच वेळी स्थानिक संस्थेला देऊन मोकळं व्हावं, असं आमच्यातला एक तरुण सहकारी तावातावानं म्हणाला. संचालिकेला फोनवर विचारलं, तर तिनंच नको म्हटलं. तिच्या वर्षाच्या बजेटच्या कितीतरी पट रक्कम ती होती. सहा महिन्यांसाठी तीस माणसं घ्यायची आणि सातव्या महिन्यात त्यांना घरी पाठवायचं, मग गावात तोंड कोणाला दाखवायचं, हा तिचा प्रश्न. स्थानिक संस्थेला किती पैसा झेपेल हे तिला विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती. आम्ही विचारलं ते योगायोगानं.

काय केलं

चौथा पर्याय मंजूर झाला. प्रस्ताव चार पानांचा, स्थानिक भाषेत. भाषांतर आमच्या गळ्यात, त्यांच्या नाही. हा बदल छोटा वाटतो. पण त्याआधी प्रत्येक प्रस्तावासाठी संचालिका आठवडाभर एका इंग्रजी येणाऱ्या ओळखीच्या मागे फिरायची आणि त्याला पैसे देणार कशातून, तर स्वतःच्या पगारातून.

वरखर्चाचा प्रश्न आम्ही उघडपणे टेबलावर घेतला. देणगीदार आम्हाला थेट खर्चावर ७ टक्के वरखर्च देत होता. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांतही साधारण हाच दर चालतो. या टक्क्यांतून कार्यालयाचं भाडं, लेखापालाचा पगार, ऑडिटची फी, दोन प्रकल्पांमधल्या रिकाम्या महिन्यांतले पगार निघतात. संस्था उभी राहते ती यावर. आणि नेमकी हीच रक्कम वरची संस्था ठेवून घेत आली आहे. स्थानिक भागीदारांनाही वरखर्च द्यावा, असं मार्गदर्शन मानवतावादी संस्थांच्या आंतर-संस्था स्थायी समितीनं २०२२मध्ये काढलं. आमचं हे प्रकरण त्याच्या आधीचं. आम्ही निम्मं-निम्मं केलं, साडेतीन-साडेतीन. देश कार्यालयात त्यावरून कुरबूर झाली, कारण त्यातून आमच्या एका पदाचा पगार निघत होता.

पहिल्या हप्त्यातून स्थानिक संस्थेनं तीन गोष्टी केल्या : होड्या, हातपंप उंच करून घेणं आणि रोख मदत. पाण्याचं काम आम्हाला अपेक्षित होतं त्याहून चांगलं झालं. ‘स्फिअर’ ही आपत्तीतल्या मदतीची किमान मानकं; त्यांच्याप्रमाणे माणशी रोज किमान १५ लिटर पाणी मिळायला हवं. आम्ही त्याचा तक्ता पाठवला. त्यांनी घरोघरच्या बादल्या मोजल्या आणि उलट कळवलं, की पाणी पुरेसं आहे पण ते आणायला बायकांना छातीएवढ्या पाण्यातून जावं लागतंय, तेव्हा आधी पंपापर्यंत बांबूचा साकव. तक्त्यात साकव नव्हता. मंजुरी मी फोनवर दिली आणि कागद नंतर केला. या प्रकरणातला माझ्या हातून झालेला हा बहुधा सगळ्यात बरा निर्णय.

पहिला निर्णयबिंदू : यादीत नसलेली माणसं

रोख मदतीची यादी स्थानिक संस्थेनं बचत गटांच्या मदतीनं दोन दिवसांत केली. आमच्या पथकाला याला तीन आठवडे लागले असते. तिसऱ्या आठवड्यात तक्रारीच्या फोनवर एक कॉल आला. नदीपात्रातल्या वाळूच्या बेटांवर राहणारी मासेमारी करणारी कुटुंबं यादीत नव्हती.

कारण साधं होतं. बचत गट बांधावरच्या गावांत होते. बेटांवर गट नव्हते, कारण बेटं दर काही वर्षांनी जागा बदलतात आणि तिथल्या माणसांना कर्ज देणं संस्थेला धोक्याचं वाटे. बांधावरच्या शेतकऱ्यांचं आणि बेटांवरच्या माणसांचं फारसं पटत नव्हतं, हेही होतं. संस्थेच्या कार्यकारिणीत सगळे बांधावरचे.

इथे आमच्या मुख्यालयातल्या काहींना संधी दिसली. बघा, स्थानिक म्हणजे निष्पक्ष नव्हे, असा सूर लागला आणि यादीचं काम काढून घ्यावं असं सुचवण्यात आलं. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. ‘स्थानिक’ हा शब्द उच्चारला की आतली उतरंड नाहीशी होत नाही. पण मी जुन्या फायली काढल्या. आधीच्या पुरात, स्वतः उतरलो होतो तेव्हा, आमच्या यादीतही ती बेटं नव्हती. फरक एवढाच, की त्या वेळी तक्रार करायला फोन नंबर नव्हता, म्हणून आमची यादी निष्पक्ष ठरली होती.

काम काढून घेतलं नाही. अट एकच घातली : यादी प्रत्येक घाटावर मोठ्यानं वाचायची, बेटांवरच्या दोन घाटांवरही, आणि हरकती तिथल्या तिथे लिहून घ्यायच्या. संचालिकेला ते आवडलं नाही. कार्यकारिणीतल्या दोघांनी तर राजीनाम्याची भाषा केली. पण तिनं ते केलं, आणि दुसऱ्या हप्त्यात बेटं आली. तक्रारीचा फोन आमच्या कार्यालयात वाजत होता हे नशीब. तो तिच्याच टेबलावर असता तर कदाचित वाजला नसता. वरच्या संस्थेनं स्वतःकडे काय ठेवावं याचं माझ्या मते हे एक उत्तर आहे, आणि अशी उत्तरं फार नाहीत.

दुसरा निर्णयबिंदू : होड्यांचं भाडं

आता मुख्य प्रकरण.

पहिल्या हप्त्यातला मोठा खर्च होड्यांच्या भाड्याचा होता. रस्ते पाण्याखाली, त्यामुळे औषध असो की माणूस, होडीशिवाय काही हलत नव्हतं. स्थानिक संस्थेनं वहीतल्या होडीवाल्यांना रोजच्या दरानं रोख पैसे दिले. पावती म्हणजे वहीच्या पानावर तारीख, घाट, रक्कम आणि अंगठा.

पाचव्या महिन्यात ऑडिटर आला. करारात लिहिलं होतं, की ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीला तीन कोटेशन हवीत, आणि पेमेंट शक्यतो बँकेतून. होड्यांचं एकूण भाडं त्या रकमेच्या बरंच वर गेलं होतं. कोटेशन शून्य. ऑडिटरनं सगळा खर्च अमान्य केला. पैसे खाल्ले गेलेत असं तो कुठेही म्हणत नव्हता. होड्या धावल्या होत्या, दर बाजारापेक्षा कमीच होता, हे त्याच्याच टिपणात होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की कागद करारात लिहिल्यासारखे नाहीत. तो त्याच्या जागी बरोबर होता.

कराराप्रमाणे अमान्य खर्च भागीदार संस्थेनं परत करायचा असतो. मी वसुलीच्या पत्राचा मसुदा केला, वित्त विभागानं तो पुढच्या हप्त्यातून वळता करायला सांगितलं, आणि तसं झालं. पत्रावर सही माझी. मला तेव्हा हा निर्णय आहे असं वाटलंच नाही. नियम आहे असं वाटलं.

पुढे काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. हप्ता कमी आला, पण काम आधीच ठरलेलं होतं. संचालिकेनं खड्डा बुजवायला बचत गटांच्या कर्जाच्या भांडवलातून पैसे उचलले. दोन महिने पगार निम्मे झाले. ज्या बायकांना पेरणीसाठी कर्ज हवं होतं त्यांना थांबायला सांगितलं गेलं. आणि लेखापाल, जो एव्हाना पूर्णवेळ झाला होता आणि आमचे सगळे तक्ते शिकला होता, तो नोकरी सोडून गेला. गेला कुठे, तर आमच्याच जिल्हा कार्यालयात. जाहिरात आम्ही दिली होती. पगार अडीचपट.

२०१५च्या ‘चार्टर फॉर चेंज’ या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थांच्या जाहीरनाम्यात यावर एक कलम आहे. आपत्ती सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्थानिक संस्थेचा माणूस उचलला तर तिला भरपाई द्यावी, उदाहरणार्थ त्या माणसाच्या पहिल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या १० टक्के. आमच्या मनुष्यबळ विभागानं हे कलम वाचलेलं नव्हतं. मी वाचलं होतं, आणि मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांची यादी माझ्याकडे आलीही होती. त्यात ते नाव बघून मला आनंद झाला, कारण माणूस हुशार होता.

देश संचालक जिल्ह्याच्या दौऱ्यावर गेले तेव्हा त्यांना निम्म्या पगारांबद्दल कळलं. परतल्यावर त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला : त्याच पुरात आपल्या पाहणी पथकानं होड्या घेतल्या, त्याची कोटेशन कुठे आहेत?

नव्हती. आमच्या खरेदी धोरणात आपत्कालीन सवलत आहे. पहिल्या काही आठवड्यांत कोटेशनशिवाय खरेदी करता येते, कारण लिहून ठेवलं की पुरे. ही सवलत आमच्या कर्मचाऱ्यांना होती. भागीदारांच्या करारात ती उतरवलेलीच नव्हती. कोणी मुद्दाम वगळली नव्हती. करारनामा विकासप्रकल्पांसाठीच्या जुन्या नमुन्यावरून उचलला होता. एकाच घाटावरून, एकाच होडीवाल्याची होडी, त्याच आठवड्यात. आमचं भाडं मान्य, त्यांचं अमान्य.

आता तीन वाटा होत्या. वसुली कायम ठेवायची आणि पुढच्या करारात सुधारणा करायची. वित्त विभागाचं मत हेच होतं, कारण एकदा माफ केलं की पायंडा पडतो. किंवा आमच्या विनाअट निधीतून ती रक्कम भरायची आणि गप्प बसायचं. किंवा देणगीदाराला सरळ सांगायचं. तिसऱ्या वाटेची सगळ्यांना भीती होती. अमान्य खर्चाची गोष्ट आपण होऊन देणगीदाराकडे नेली तर पुढचं अनुदान धोक्यात येईल, असं समजायचं आमच्याकडे वळणच पडलं होतं.

संचालकांनी दुसरी आणि तिसरी एकत्र केली. आधी आमच्या वाट्याच्या साडेतीन टक्क्यांतून स्थानिक संस्थेची रक्कम परत केली, मग देणगीदाराला पत्र लिहिलं. देणगीदाराच्या अधिकाऱ्यानं दहा दिवसांत उत्तर दिलं, की वहीचं पान, होडीवाल्यांची यादी आणि त्या वेळचा पाणीपातळीचा अहवाल जोडला तर खर्च मान्य आहे. ऑडिटच्या वेळीच विचारलं असतं तर तेव्हाच मान्य केला असता. म्हणजे वसुली, निम्मे पगार, थांबलेली पेरणीची कर्जं, हे सगळं आम्ही कोणी न मागितलेल्या सावधगिरीपायी केलं होतं.

निष्पत्ती

पैशाच्या हिशेबात हे प्रकरण यशस्वी आहे. त्या पुराच्या निधीतला जवळपास निम्मा खर्च स्थानिक संस्थेच्या हातून झाला आणि तो आमच्या अहवालात ठळक अक्षरांत छापला गेला. रोख मदत शेजारच्या जिल्ह्यापेक्षा आधी पोचली. शेजारी दुसऱ्या एका संस्थेनं स्वतःचं पथक उतरवलं होतं. स्थानिक संस्थेच्या खात्यावर आता दोन सह्या आहेत, खरेदीचं धोरण आहे. बेटांवर तीन बचत गट सुरू झाले, त्यातला एक टिकला.

लेखापाल परत गेला नाही. आमचा प्रकल्प संपल्यावर तोही राजधानीत गेला. भरपाईची रक्कम आम्ही उशिरानं दिली. तिच्यातून तसा माणूस मिळत नाही, पण नवा शिकेपर्यंतचे काही महिने निभावले. उचललेलं भांडवल भरून निघायला पुढची पेरणी उजाडली. ज्या बायकांना कर्ज नाकारलं गेलं त्यांतल्या काही गट सोडून सावकाराकडे गेल्या, आणि संचालिका सांगते, की त्यांतल्या दोघी तिच्याशी अजून बोलत नाहीत. आमच्या अहवालात या दोघींसाठीही रकाना नाही.

निर्णयाच्या बाबतीत काय बदललं हे मी नंतर मोजून पाहिलं. सहा महिन्यांतल्या मोठ्या निर्णयांची यादी केली : कोणत्या गावात जायचं, कशावर खर्च करायचा, दर काय, हप्ता कधी, चूक झाली तर कोणी भरायचं. पहिल्या तीनांत स्थानिक संस्थेचा शब्द चालला. शेवटचे दोन शेवटपर्यंत आमच्याकडे होते. पैसा खाली गेला, जोखीम त्याच्याबरोबर खाली गेली, आणि जोखीम वाटून घ्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार मात्र वरच राहिला.

पुन्हा वेळ आली तर

पात्रता तपासणी पुराआधी करायला हवी, हे उघड आहे. ‘स्टार्ट नेटवर्क’ या मदत संस्थांच्या जाळ्यानं तपासणीचे टप्पे पाडले आहेत : संस्थेची पातळी ठरते आणि त्या पातळीप्रमाणे तिला किती रक्कम मिळू शकते हे आधीच ठरलेलं असतं, पात्र किंवा अपात्र असा एकच शिक्का नसतो. आम्ही तसं केलं असतं तर ते दोन दिवसांचं चर्वितचर्वण वाचलं असतं. एका संस्थेनं केलेली तपासणी दुसरीनं मान्य करणं हे त्यापुढचं पाऊल. त्याच स्थानिक संस्थेनं पुढच्या वर्षभरात चार मोठ्या संस्थांचे चार वेगवेगळे फॉर्म भरले, चारही फॉर्ममध्ये बँकेवर किती सह्या आहेत हा प्रश्न होता.

आपत्कालीन सवलतीचं कलम करारात हवंच. त्यापेक्षाही, स्वतःच्या कर्मचाऱ्याला जे चालतं ते भागीदाराला का चालत नाही, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी कोणीतरी ओळ न ओळ विचारायला हवा. मी विचारला नव्हता. तो विचारायला वकील लागत नाही, दोन कागद शेजारी ठेवून एक दुपार लागते.

अमान्य खर्च कसा वाटायचा हेही आधी ठरवावं. माझ्या मते सूत्र असं असावं : अपहार झाला असेल तर ज्यानं केला त्यानं भरावा, कागद अपुरे असतील आणि काम झालेलं असेल तर दोघांनी आपापल्या वरखर्चाच्या प्रमाणात. वरखर्चातला निम्मा वाटा ठेवणाऱ्यानं निम्मी जोखीम उचलावी, यात फार मोठं तत्त्वज्ञान नाही. आमच्या वित्त विभागाला हे पटत नाही. त्यांचा आक्षेप असा, की मग भागीदार कागद नीट करणारच नाहीत. या आक्षेपात दम आहे. पण ज्या संस्थेनं पगार निम्मे करून पैसे परत केले तिच्याबद्दल हा आक्षेप घेताना थोडी लाज वाटायला हवी.

नोकरभरतीबाबत मला पक्कं उत्तर सापडलेलं नाही. लेखापालाला अडीचपट पगार नाकारा असं मी त्याला सांगणार नाही. त्याच्याही घरी माणसं होती. आपण पगाराची पट्टी खाली आणावी म्हणावं, तर ते आमच्यातलं कोणी स्वतःला लावून घेणार नाही. भरपाई द्यावी, आणि प्रकल्पाच्या मुदतीत भागीदाराची माणसं घ्यायची नाहीत असा करार करावा, एवढंच हातात आहे. करायला हवं होतं ते वेगळंच होतं : त्याचा पगार वाढवून मिळावा म्हणून स्थानिक संस्थेच्या बजेटमधली ती ओळ मीच वाढवायला हवी होती. प्रस्ताव माझ्या टेबलावर असताना ती मी ‘बाजारभावापेक्षा जास्त’ म्हणून कापली होती.

दुसऱ्या करारापूर्वी संचालिकेनं आम्हाला एक कागद पाठवला. तिचा स्वतःचा तपासणी फॉर्म. प्रश्न पाचच होते. हप्ता सोडायला तुम्हाला प्रत्यक्षात किती दिवस लागतात? नाही म्हणायचा अधिकार नेमका कोणाकडे आहे आणि त्याच्याशी आम्हाला बोलता येईल का? मागच्या दोन वर्षांत आमच्याशी संबंधित पदावर किती माणसं बदलली? ऑडिटमध्ये वाद झाला तर देणगीदाराशी बोलताना आम्हाला खोलीत बसवाल का? आणि शेवटचा : पुढच्या पुरात तुम्ही कितव्या दिवशी याल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्हाला वित्त, कार्यक्रम आणि मुख्यालय अशा तीन ठिकाणी विचारावं लागलं, आणि तीन वेगवेगळे आकडे आले. तिसऱ्याचं उत्तर चार असं निघालं. त्यातला चौथा मी. तोवर माझी बदली झाली होती. चौथ्याला ‘होय’ असं लिहिलं आणि ते करारात घातलं. जोखीम वाटून घेण्याचं कलम मात्र मुख्यालयाच्या विधी विभागाकडे मताला गेलं. पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा एका ठिकाणी फुटला, होड्या पुन्हा त्याच वहीतून निघाल्या, आणि ते मत तोवर आलेलं नव्हतं.